भाऊजींची बदलाबदली

दिवाकर साळवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, जयाताईचा नवरा. नातं असं आहे म्हणून मी त्यांच्याबद्दल चांगलंच बोलायला पाहिजे. पण मी, अंजनी, एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसलेली बाई, मला गोड बोलणं जमत नाही. तर सरळच सांगते. असा माणूस या हिंदी मुलखातल्या महाराजपुरात एकच आहे आणि एकच आहे ते बरं आहे. दोन असते तर त्या कॉलनीत कोणी घर घेतलं नसतं.

भाऊजी फॅक्टरीत फिटर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू पिळायचा पेचकस. देवभीरू इतके की जेवणाआधीची त्यांची प्रार्थना संपेपर्यंत वरण गार होते. वरचा आवाज त्यांना काढता येत नाही, भांडता तर मुळीच येत नाही. पण एकदा का डोक्यात काही शिरलं की ते काढायला कोणताही पेचकस चालत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला की विश्वासणाऱ्यानं वाईट दिवसांसाठी तयार असावं. त्यांना बिचाऱ्यांना मनाची तयारी म्हणायची होती. प्रार्थना, धीर, एकमेकांना आधार, असं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी गेलो, मटण खाल्लं आणि झोपलो. भाऊजी झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिशव्या घेऊन ते बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेले.

तिथून काय आणलं? चाळीस पुडे मीठ, काडीपेट्यांची खोकी, सुया, दोऱ्याची रिळं, मेणबत्त्या, तुरटी, खिळे, चहापत्ती, धुण्याच्या साबणाच्या वड्या आणि सायकलच्या ट्यूबला लावायचे पंक्चरचे तुकडे. ज्याच्या घरात सायकल नाही त्या माणसानं पंक्चरचे तुकडे आणले. दुकानदारानं विचारलं, भैया, दुकान टाकून राहिले का? भाऊजींनी त्याला शांतपणे सांगितलं की नाही, वाईट दिवस येणार आहेत. त्या दुकानदारानं म्हणे त्यांना बाजूला घेऊन हळूच तारीख विचारली.

यामागे त्यांचा एक हिशेब होता, आणि तो अगदीच येडपटासारखा नव्हता हे मला मान्य करावं लागते. लॉकडाऊनमध्ये भाऊजींच्या चपलेचा अंगठा तुटला होता. बँकेत पेन्शन पडून होती आणि अंगठा शिवायला मोची नव्हता. दोन महिने भाऊजी चपलेला तार बांधून फिरले. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की खरा वाईट दिवस आला की पैसा कागद होतो. तेव्हा दोनच गोष्टी चालतील. एक, लोकांना रोज लागते अशी वस्तू. दुसरी, हातातली कला. वस्तूच्या बदल्यात वस्तू, कामाच्या बदल्यात काम.

वस्तू तीन लोखंडी पेट्यांमध्ये गेल्या आणि पेट्या पलंगाखाली. पलंग ताईचा. पहिल्याच पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं. साबण आणि चहापत्ती एकाच पेटीत राहिल्यामुळे सहा महिन्यांत चहाला असा वास लागला की प्यायल्यावर तोंड धुतल्यासारखं वाटे. तो चहा ताईनं फेकला नाही. भाऊजींना न आवडणारे पाहुणे आले की ती तोच चहा करी. मला एकदा तो चहा मिळाला, तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याकडे फिरकली नाही.

मग कलेची पाळी आली. घरातल्या प्रत्येकानं एक तरी उपयोगी काम शिकलंच पाहिजे, असा फतवा निघाला. विक्की, म्हणजे माझा भाचा, हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला फोनवर सांगण्यात आलं की तुझं ते यंत्र त्या दिवशी बंद पडणार आहे, तू खाट विणायला शीक. तो हो बाबा म्हणाला. गेली दोन वर्षं तो हो बाबाच म्हणून राहिला आहे. ताईला शिवण येत होतं, ती सुटली. मला त्यांनी चपला शिवायला बसवलं. पहिल्याच दिवशी आरी माझ्या अंगठ्यात गेली. मी म्हटलं, भाऊजी, मला अर्ज लिहिता येतात, पत्रं लिहिता येतात, मनीऑर्डर तर मी झोपेत भरून देईन. त्यांनी फार दयेनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की अंजनी, त्या दिवशी अर्ज घ्यायला कचेरीच उघडी नसेल. म्हणजे एकतीस वर्षांची माझी नोकरी त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. मला इतका राग आला की मी अधारतालला माझ्या घरापर्यंत पायी आली.

पण सगळ्यात कडक होता तो त्यांचा नियम. फुकट घ्यायचं नाही आणि फुकट द्यायचंही नाही. दारात कोणीही आलं, मग तो पाळक असो की भाजीवाली, काम करून देणार पण आधी विचारणार, "बदल्यात काय?" कोणाचा कुकर दुरुस्त केला तर बदल्यात चार लिंबं घेतली. कोणाच्या दाराची कडी बसवली तर त्याच्याकडून परसातली माती खणून घेतली. पैसा पुढे केला तर हात मागे. आणि कोणी काही दिलं, साधा दिवाळीचा चिवडा दिला, तरी यांचा हात लगेच खिशात जाणार, सुई काढेल, काडीपेटी काढेल, काहीतरी त्या माणसाच्या हातावर ठेवल्याशिवाय चिवड्याला शिवणार नाही. शेजारपाजारचे लोक हसत. गल्लीतली पोरंसोरं भाऊजी दिसले की नमस्काराच्या जागी "बदल्यात काय?" म्हणू लागली.

मीही हसत होती. मग एके दिवशी ताईनं मला त्याचं कारण सांगितलं. भाऊजींनी स्वतः कधी सांगितलं नसतं.

भाऊजींचे आजोबा वऱ्हाडातले. मोठ्या दुष्काळात त्यांचे आईबाप वाटेतच गेले. सहा-सात वर्षांचं पोर मिशनच्या लोकांनी उचललं, त्याला लापशी पाजली, वाढवलं, शिकवलं. तो मुलगा ख्रिस्ती झाला आणि मनापासून झाला, मरेपर्यंत त्यानं प्रभूचं नाव सोडलं नाही. पण लोक काही विसरत नाहीत. भाऊजींना शाळेत पोरं लापशी म्हणून हाक मारत. वाटीभर लापशीसाठी तुम्ही धर्म बदलला, तुम्ही फुकट खाणारे. पुढे फॅक्टरीतही कोणीतरी डब्याच्या वेळी भाताची वाटी पुढे केली आणि म्हटलं, घे साळवे, तुमच्याकडे वाटीभरात काम होते. सगळे हसले, भाऊजीही हसले. संध्याकाळी त्यांचा डबा जसाच्या तसा घरी आला. ताई म्हणाली, तेव्हापासून यांनी कोणाकडून काही फुकट घेतलं नाही. मान खाली घालायची वेळ पुन्हा यायला नको, एवढंच यांना पाहिजे आहे, बाकी मीठ आणि सुया नुसतं निमित्त.

हे ऐकल्यावर मी आठ-दहा दिवस त्यांची थट्टा केली नाही. पाळकसाहेबांनी मात्र केली. ते एकदा म्हणाले की दिवाकरभाऊ, प्रभूची कृपा तर फुकटच असते, तिच्या बदल्यात तुम्ही काय देणार? भाऊजींनी बराच विचार केला आणि म्हणाले, ती वरची गोष्ट आहे साहेब, खाली आपलं आधीच ठरवून घेतलेलं बरं.

मग त्यांनी रंगीत तालीम सुरू केली. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्या अंगणात बदलाबदली. चर्चच्या मंडळीतले लोक येत, गल्लीतलेही येत, धर्मजातीचा काही प्रश्न नव्हता. पैसा आणायचा नाही. वस्तू आणा नाहीतर काम करून द्या. पहिल्या रविवारी सात बायका आल्या आणि सातही जणी लिंबाचं लोणचं घेऊन आल्या. आता लोणच्याच्या बदल्यात लोणचं कोण घेईल? भाऊजी हिरमुसले नाहीत. म्हणाले, यावरून कळते की आपली तयारी कुठे कमी आहे. मी म्हटलं, एवढं खरं की काहीही झालं तरी महाराजपूर लोणच्यावाचून मरणार नाही.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून भागीरथाबाईंचं घर आहे. भंडाऱ्याकडची बौद्ध मंडळी, तीस वर्षांचा शेजार. बाई सत्तरीच्या, पण त्यांच्या जिभेपुढे माझी जीभ काहीच नाही. त्यांचा नळ गळत होता. भाऊजी पान्हा घेऊन गेले आणि नियमाप्रमाणे विचारलं, बदल्यात काय? बाईंनी कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या झाडाचा कढीपत्ता रोज भिंतीवरून तोडून राहिले, तेव्हा काहून नाही विचारलं?" भाऊजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. नळ दुरुस्त झाला, मोरीची जाळी बसली, शेगडीचा कान बसला, दरवाज्याची कुरकुर गेली. चार दिवस ते त्यांच्याकडेच होते. ताईनं तेवढ्यात पलंगाखालचं झाडून घेतलं.

भागीरथाबाईंचा मुलगा सुगत. पस्तिशीचा, कलेक्टर कचेरीत लिपिक. मराठी कळते सगळी, बोलताना अर्धी हिंदी येते. मागच्या उन्हाळ्यात त्यांची पाण्याची मोटर जळाली, तेव्हा तो भाऊजींकडे आला. बदल्यात काय, या प्रश्नावर त्यानं खिशात हात घातला. पैसा चालत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, काका, मला तो कुछ आता ही नहीं. भाऊजींना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी मोटर चालू करून दिली आणि सुगतला केस कापायला शिकवलं. सराव कोणाच्या डोक्यावर? भाऊजींच्याच. त्या दिवशी ताईनं दार उघडलं आणि परत लावून घेतलं, तिला वाटलं कोणी दुसरंच आलं आहे. एका बाजूला केस होते, दुसऱ्या बाजूला नव्हते, आणि मागे काय होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तीन रविवार भाऊजी उपासनेला कानटोपी घालून आले, तेही मे महिन्यात. सुगतची आई लाजेनं अर्धी झाली. भाऊजी मात्र सगळ्यांना सांगत होते की सौदा झाला होता, त्यानं त्याचं काम केलं, मी माझं केलं, कोणाची मान खाली नाही.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. यंदाच्या फेब्रुवारीत त्यांनी साबण करायला घेतला.

विकतचा साबण संपला की काय करणार, हा त्यांचा प्रश्न. अंगणात पातेलं मांडलं, कास्टिक सोडा, उरलंसुरलं तेल, आणि तासभर घोटणं. मिश्रण लाकडी साच्यात ओतताना थोडं फरशीवर सांडलं. नंतर पुसतो म्हणाले आणि साच्यावर पोतं झाकायला आत गेले. ताई कपडे वाळत घालायला बाहेर आली.

घाबरू नका. ताई आता काठी घेऊन चालते, मलाच दोन गोष्टी सुनावते, म्हणून मी हे हसत सांगून राहिली. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. पाय घसरून ताईच्या खुब्याचं हाड मोडलं. भाऊजी दोन वर्षं वाईट दिवसाची वाट रस्त्याकडे पाहत होते, आणि त्यांनीच तो अंगणात सांडून ठेवला होता. हे मी त्यांना दवाखान्यात तोंडावर बोलली. बोलायला नको होतं. ते नुसते हो म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं की उद्या सकाळी ऑपरेशन. रक्त लागेल. रक्तपेढीत गेलो तर तिथल्या माणसानं सांगितलं की एक बाटली आम्ही देऊ, पण तुमच्याकडच्या कोणीतरी एक बाटली द्यायची, कोणत्याही गटाची चालेल, संध्याकाळी पाचच्या आत. रक्ताच्या बदल्यात रक्त.

माझ्या भाऊजींचा चेहरा त्याही वेळी उजळला, खोटं नाही सांगत. बदलाबदली म्हणजे त्यांची बोली. त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. त्या माणसानं कागद पाहिला आणि म्हणाला, "अंकल, उमर ज्यादा है." पासष्टपर्यंत घेतात, भाऊजींना सहासष्ट पूर्ण झाली होती. मी हात पुढे केला, तर मला इन्सुलिन चालू आहे म्हणून मला नाही म्हटलं. विक्की गाडीत बसला होता, पण तो दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचणार.

मग भाऊजींनी जे केलं ते बघून माझं डोकं फिरलं. त्या माणसाच्या स्टुलाचा पाय डुगडुगत होता. यांनी पेचकस काढला, खाली बसले आणि दहा मिनिटांत तो स्टूल घट्ट करून दिला. मग म्हणाले, तुमच्या त्या दाराचं बिजागरही बसवून देतो, पंखा आवाज करून राहिला तो पाहतो, एका बाटलीचं करा. तो माणूस भला होता. हसला नाही. स्टुलाबद्दल त्यानं हात जोडले आणि म्हणाला, अंकल, इथे स्टुलाच्या बदल्यात रक्त देता येत नाही.

तेव्हा अडीच वाजले होते. भाऊजी बाकावर बसले. मी म्हटलं, पाळकसाहेबांना फोन लावा, मंडळीत वीस तरणे लोक आहेत. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मी लावते. त्यांनी माझा फोन हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर असा हक्क गाजवला. म्हणाले, "दोन वर्षं ज्यांना शिकवलं की फुकट घेऊ नका, त्यांच्यापुढे हात कसा पसरू? मी काय देऊ त्यांना? मीठ देऊ?"

मला भाऊजींची कीव आली आणि संतापही आला. माझी बहीण वर कळवळून राहिली आणि हा माणूस मान कशी राहील याचा विचार करून राहिला. मी तडक वर गेली आणि ताईला सगळं सांगितलं. आजारी माणसाला असं सांगू नये, पण मला दुसरं कोणाला सांगावं ते सुचलं नाही. ताईनं त्यांना वर बोलावलं.

ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. ताईचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, "एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला. दोन वेळा रांधून वाढून राहिली मी तुम्हाला. कधी विचारलं, बदल्यात काय?"

भाऊजींनी माझा फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुमचे आजोबा सहा वर्षांचे होते हो," ताई म्हणाली. "उपाशी पोरानं लापशी घेतली, त्यात कशाची आली लाज? त्यांनी ती घेतली नसती तर तुम्ही कुठून असते?" आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं, कारण कळ आली होती.

भाऊजी तिथून निघाले ते थेट बाहेर. मी मागोमाग धावली, माझा फोन अजून त्यांच्याच हातात होता. ते रिक्षात बसले आणि कचेरी म्हणाले. मी विचारलं, सुगत? त्यांनी मान डोलावली. मंडळीकडे काहून नाही जात, असं विचारणार होती, पण नाही विचारलं. मला वाटते, मागायचंच तर जिथे सगळ्यात अवघड जाईल तिथेच मागावं असं त्यांना वाटलं असेल. त्या घराचा नळही त्यांनी फुकट दुरुस्त केला नव्हता.

कचेरीच्या व्हरांड्यात फाइलींच्या थप्प्या आणि माणसांची रांग. सुगत निरोप मिळताच बाहेर आला. भाऊजींना बघून त्याला आनंदच झाला. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "सुगत, एक काम होतं तुझ्याकडे."

सुगत हसला. गल्लीतला कोणीही जे म्हटलं असतं तेच तो म्हणाला, सवयीनं, थट्टेनं. "अच्छा? बदल्यात काय, काका?"

मी त्या पोराला दोष देत नाही. त्याला काही माहीत नव्हतं. पण मला तेव्हा असं झालं की पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवावा.

भाऊजींचा हात सवयीनं खिशात गेला. तिथे तो काही वेळ राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला, रिकामा, आणि दोन्ही हात बाजूला सोडून उभे राहिले. आसपास माणसं होती, रांगेतले चार जण पाहत होते. मान त्यांनी खाली घातली नाही. सुगतकडे पाहूनच म्हणाले, "काही नाही, बापा. माझ्यापाशी द्यायला काही नाही. जयाला उद्या सकाळी ऑपरेशन आहे, एक बाटली रक्त द्यायचं आहे, माझं घेत नाहीत. मी तुझ्याकडे फुकट मागायला आलो."

सुगतचं हसू गेलं. त्यानं एवढंच विचारलं की काकूंना काय झालं, कधी झालं, आईला काहून नाही सांगितलं. मग आत जाऊन साहेबांशी बोलला, डबा तसाच टेबलावर सोडला आणि बाहेर येऊन म्हणाला, "चलो, काका."

पाचला पंचवीस मिनिटं असताना सुगत खाटेवर झोपला होता आणि भाऊजी त्याच घट्ट केलेल्या स्टुलावर त्याच्या उशाशी बसले होते. पिशवी भरत होती. मला वाटलं भाऊजी प्रार्थना करतील. त्यांनी ओठ हलवले नाहीत. नुसते सुगतच्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सुगत बिचारा गडबडला, म्हणाला, काका, दुखून नाही राहिलं मला, सच में. मी पोस्टाच्या खिडकीवर पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांशी एकतीस वर्षं भांडलेली बाई, मला सहसा रडू येत नाही. त्या दिवशी मी पदर तोंडाला लावला.

वर गेलो तेव्हा ताई जागीच होती.

"मिळालं?"

"मिळालं. सुगतनं दिलं."

ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बदल्यात काय दिलं तुम्ही?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "मागितलं आणि त्यानं दिलं."

"जमते तर तुम्हाला," ताई म्हणाली. मग तिनं बाजूच्या खाटेकडे डोळ्यांनी खूण केली. तिथे एक अनोळखी बाई आपल्या सासूला थर्मासमधला चहा ओतून देत होती. ताई म्हणाली की सकाळपासून चहा नाही मिळाला, त्या बाईला विचारून थोडा आणा.

भाऊजींनी खाटेजवळच्या कपाटातला रिकामा कप उचलला. दोन पावलं गेले, थांबले. मला वाटलं आता पेचकस निघतो. तो निघाला नाही. ते त्या बाईसमोर कप धरून उभे राहिले आणि म्हणाले, "दीदी, मेरी घरवाली के लिए थोड़ी चाय मिलेगी?"